नव्या ईएमटीने राष्ट्रीय नोंदणीच्या मागे आत्ताच लागावं का?

पेठेतला_ईएमटी
गेल्या महिन्यात माझा ईएमटी-बेसिकचा (ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, गाडीत पेशंटला पहिले उपचार देणारा) कोर्स संपला, काही महिन्यांचाच होता. हडपसरला एका खासगी अ‍ॅम्ब्युलन्सवर रात्रपाळी चालून आली आहे. घरचे म्हणतात, आधी चार पैसे कमव.

मला मात्र लगेच पुढचा डिप्लोमा किंवा पदवी करायची आहे. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत आमचा पेशा 'इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)' म्हणून आला आहे. राष्ट्रीय नोंदणी म्हणतात ती याच कायद्याखालची. पण त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल (डॉक्टरांच्या उपचारांना तांत्रिक साथ देणारा प्रशिक्षित माणूस) ठरायला किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं, तेही दोन ते चार वर्षांचं. माझे तास त्याच्या जवळपासही जात नाहीत. एकदा पगाराची सवय लागली की पुन्हा वर्गात बसणं होत नाही, हे मी मित्रांचं पाहिलंय. माझं चुकतंय का?

कात्रजचा_सारथी
चुकतंय, बाळा. १९ वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवतोय, म्हणून बोलतो.

महाराष्ट्रात १०८ ही सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली २०१४ साली, ९३७ गाड्या घेऊन. पण आपल्याकडे १०८ वर पेशंटजवळ डॉक्टर बसतो, बहुतेक वेळा बीएएमएस. बाकीच्या बऱ्याच राज्यांत त्या जागी ईएमटी असतो. म्हणजे सगळ्यात मोठी सेवा आणि तिच्यातच तुझ्या कागदाला जागा नाही. उरल्या खासगी गाड्या नि हॉस्पिटलं. तिथं पहिला प्रश्न येतो, "किती केसेस केल्यास?"

आणि काम शिकायचं तर ते रस्त्यावरच. नवले पुलाच्या उतारावर ट्रक घुसलेला असतो, मागून गाड्या सुसाट येत असतात, तेव्हा आधी आपली गाडी कुठे आडवी लावायची? सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जिन्यात स्ट्रेचर वळतच नाही. म्हातारा माणूस खुर्चीत बांधून उतरवायचा, पुढच्याने उलटं चालायचं, मागच्याने पायऱ्या मोजायच्या. हे २,००० तासांत कोण शिकवतं?

कॅज्युअल्टी_सिस्टर
दादा, जिन्याबद्दल मान्य. पण पेशंट आमच्या दारात आल्यावर काय होतं तेही ऐका.

एका रात्री अर्धांगाचा झटका आलेले काका आले. त्यांना घेऊन आलेला अ‍ॅम्ब्युलन्सवरचा मुलगा गाडीवर बरीच वर्षं काढलेला, हाताला चपळ. मी विचारलं, शेवटचे नीट बोलताना कुणी आणि किती वाजता पाहिलं? त्याने घरी विचारलंच नव्हतं. नातेवाईक मागून रिक्षाने येत होते, फोन लागेना. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते तास मोजायचे या एका उत्तरापासून. आम्ही हातात इंजेक्शन असून घड्याळाकडे बघत बसलो. काकांचा उजवा हात परत आला नाही. कारण तेवढं एकच होतं असं मी म्हणणार नाही, पण तो प्रश्न मला आजही टोचतो.

त्या मुलाचा दोष नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि येतं का हे तपासलंही नव्हतं.

कात्रजचा_सारथी
ताई, हा प्रश्न शिकवायला एक दिवस पुरतो. त्यासाठी तीन वर्षं आणि बापाचं कर्ज कशाला?

कॅज्युअल्टी_सिस्टर
असे प्रश्न शंभर आहेत, दादा. कुठला कधी लागेल ते आधी कळत नाही.

बाणेरकर_७८
माझी बहीण अमेरिकेत ईएमटी आहे, म्हणून तिथलं सांगते. तिथली नॅशनल रजिस्ट्री, म्हणजे ईएमटींची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी संस्था, १९७० पासून आहे. कोर्स संपल्यावर दोन वर्षांच्या आत परीक्षा पास व्हावी लागते. संगणक उत्तरं बघून पुढचा प्रश्न निवडतो, ७० ते १२० प्रश्न. तीनदा नापास झालात तर २४ तासांचं उजळणी प्रशिक्षण घेऊनच पुढे बसायचं. पास झाल्यावरही दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी ४० तासांचं शिक्षण. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात पटते, कारण आपल्याकडे एकदा मिळालेला कागद भिंतीवर पिवळा पडेपर्यंत चालतो.

पण त्या राष्ट्रीय प्रमाणपत्रावर तिला लगेच काम करता आलं नाही. राज्याचा परवाना वेगळा काढावा लागला. म्हणून 'राष्ट्रीय' या शब्दाला भुलून फी भरू नका. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: पदविका कुठलं विद्यापीठ किंवा मंडळ देतं, एकूण तास किती, आणि त्यातले प्रत्यक्ष कॅज्युअल्टीत किती.

पेठेतला_ईएमटी
सारथीदादा, १०८ बद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मला लागलं. पण आज जागा नाही म्हणून शिकायचंच नाही, हे पटत नाही. उद्या नियम बदलून गाडीवर ईएमटी बसवायचे ठरले, तर नोंदवहीत नावं कुणाची असतील? सिस्टरताई, तुमचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

प्रवेशाला अजून काही आठवडे आहेत. तोवर रात्रपाळी धरतो, पण फॉर्म भरणार हे नक्की.

कात्रजचा_सारथी
भर. मला अजूनही ती घाई वाटते. पण रविवारी मोकळा असशील तर ये, वाड्याच्या जिन्यातून खुर्ची कशी उतरवायची ते दाखवतो. मागच्या बाजूला तू राहा.