टॉन्सिलच्या पेशींवर पीएचडी करावी की उंदरांवर?

पाऊलवाट
इम्युनॉलॉजीत (रोगप्रतिकारशास्त्रात) पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, काम टॉन्सिल ऑर्गनॉइडवर, म्हणजे टॉन्सिलच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या ऊतीवर. परवा एका ज्येष्ठ संशोधकांनी सांगितलं, "आधी उंदरांवर हात बसू दे, माणसाच्या ऊती नंतर." मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

शस्त्रक्रियेत काढलेली टॉन्सिल एरवी टाकूनच देतात. रुग्णाची संमती असेल तर ती आमच्याकडे येते. कात्रीने बारीक करायची, चाळणीतून पेशी सुट्या करायच्या आणि सच्छिद्र पडद्यावर त्यांचा दाट थर द्यायचा. काही दिवसांत त्या आपणहून पुन्हा गोळा होतात. मायक्रोस्कोपखाली ते गडद पुंजके पहिल्यांदा दिसले त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते. त्यांना फ्लूची लस दिली की बी पेशी तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतात, आणि त्या अँटिबॉडींची पकड पुढे घट्टही होत जाते. स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने ही पद्धत २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. पुस्तकातलं जर्मिनल सेंटर, म्हणजे बी पेशी आपल्या अँटिबॉडी सुधारतात ती जागा, माणसाच्या पेशींत घडताना दिसत असेल, तर नव्या माणसाने तिथूनच सुरुवात का करू नये?

तर्कटी
सहमत नाही. रोगप्रतिकार म्हणजे पेशींचा प्रवास. जंतूची खूण वाहून नेणारी डेंड्रायटिक पेशी त्वचेतून निघते, लसिकाग्रंथीत पोचते, तिथे ती खूण पाहून जागी झालेली टी पेशी (लढणारी पांढरी पेशी) रक्तातून फुफ्फुसात जाते आणि काही तिथेच मुक्काम ठोकतात. तुमच्या पडद्यावर ना रक्त वाहतं, ना लसिका. ताप नाही, अस्थिमज्जा नाही.

स्कर्फी उंदराचं उदाहरण घ्या. त्याचे नर जेमतेम महिनाभर जगतात, कारण त्यांच्या टी पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं फॉक्सपी३ जनुक शोधलं. तेच जनुक बिघडलं की मुलांना आयपेक्स हा जीवघेणा आजार होतो, हेही त्याच सुमारास उघड झालं. प्रतिकाराला आवर घालणाऱ्या टी पेशींवरच्या शिमॉन साकागुची यांच्या कामासह याला २०२५ चं नोबेल मिळालं. संपूर्ण प्राणी आजारी पडला म्हणून हे कळलं. पेशींच्या पुंजक्याला आजारी पडता येत नाही.

शिवाय प्रबंधाला मुदत असते. जिवंत प्राण्यातला पुरावा परीक्षक मागणारच, आणि तो शेवटच्या वर्षी उभा राहत नाही.

पाऊलवाट
स्कर्फीचं मान्य. पण टीजीएन १४१२ विसरू नका, टी पेशींवरच्या सीडी२८ या प्रथिनाला चिकटून त्यांना जागं करणारं प्रायोगिक औषध. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना ही अँटिबॉडी दिली. मात्रा होती माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकी. काही तासांत सहाही जणांना सायटोकाइनचं (पेशी सोडतात त्या दाहक संदेश-रेणूंचं) वादळ आलं आणि अवयव निकामी होऊ लागले. जीव वाचले, एवढंच. माकडाच्या ज्या स्मृती टी पेशींवर सीडी२८ उरत नाही, माणसाच्या तशाच पेशींवर तो टिकून असतो. म्हणजे प्राणी संपूर्ण होता, पण चुकीचा होता.

तर्कटी
तो दाखला तुमच्यावरही उलटतो. माणसाच्याच रक्तातल्या पेशींत ते औषध नुसतं मिसळलं तेव्हा त्याही गप्प राहिल्या होत्या. माणसाच्या पेशी आहेत एवढ्याने भागत नाही.

पाऊलवाट
पुढचं सांगा ना! त्याच पेशी आधी दोन दिवस दाट वाढवल्या आणि मग औषध दिलं, तेव्हा त्या खवळल्या. ऊतीत पेशी एकमेकींना खेटून असतात, रक्तात सुट्या फिरतात. त्या शेजारामुळेच त्या तयारीत राहतात. मी दाट थर देते तो याचसाठी.

साळुंकी
मी आतड्याच्या ऑर्गनॉइडवर काम करते. माझा कल पाऊलवाटकडे आहे, पण पोळलेल्या हाताने लिहितेय. आतड्याच्या ऑर्गनॉइडमध्ये मुळात प्रतिकारपेशी नसतातच, त्या बाहेरून घालाव्या लागतात. सुरुवातीला मी ऊती एका दात्याच्या आणि टी पेशी दुसऱ्याच्या घेतल्या. जंतू घातला की टी पेशी पेटून उठायच्या. आठ महिने मी खूश होते. मग एकदा जंतूशिवायचा वाडगा (पेशी वाढवायची छोटी खळगी) लावला, तर तिथेही तेच! एचएलए, म्हणजे पेशींवरची 'आपलं-परकं' ओळखायची खूण, जुळत नव्हतं, टी पेशी परक्या ऊतीवर तुटून पडत होत्या. अवयवरोपण नाकारलं जातं तसंच ते होतं. तो नियंत्रण-प्रयोग पहिल्या आठवड्यात करायला हवा होता, पण मला ते कोणी सांगितलं नव्हतं. आता ऊती आणि पेशी एकाच दात्याच्या मिळाल्या तरच प्रयोग लावते.

आणि ज्या मॅट्रिजेल नावाच्या जेलीत आपण 'माणसाची' ऊती वाढवतो ते उंदराच्या गाठीपासून बनतं. लॉट बदलला की वाढ बदलते. पाऊलवाट, तुला पडद्यावर ते लागत नाही, हे तुझं नशीब.

तर्कटी
साळुंकीताईंचे आठ महिने हाच माझा मुद्दा. उंदरांत जनुकं सारखी, वय सारखं, खाणं सारखं. टॉन्सिल कोणाची येईल, त्याला आधी किती वेळा फ्लू झाला असेल, काही हातात नाही. पाऊलवाट, एक सरळ विचारतो: एका टॉन्सिलचे बारा वाडगे लावलेत तर तुमचे नमुने किती?

पाऊलवाट
एक. पहिल्या वर्षी मी बारा लिहिले होते आणि गटाच्या बैठकीत ते खोडावे लागले. आता दाते मोजते. पेशी गोठवून ठेवल्या तरी पुढे प्रतिसाद देतात, त्यामुळे सगळे दाते एकाच दिवशी, एकाच लसीवर लावता येतात. आणि दात्यादात्यांतला फरक मला गोंगाट वाटत नाही. एकाच लसीला एक जण भरभरून प्रतिसाद देतो, दुसरा जवळजवळ नाहीच, हे का, हाच माझा प्रश्न आहे. एकसारख्या उंदरांत तो विचारताच येणार नाही.

तर्कटी
प्रश्न तो असेल तर टॉन्सिल योग्य, हे मान्य. पण त्या बी पेशी पुढे अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं टिकतात का, हे प्रबंधात लिहू नका. तुम्हाला ते दिसणारच नाही.

साळुंकी
हे मात्र तर्कटींचं बरोबर आहे. आणि पाऊलवाट, लस न दिलेला वाडगा प्रत्येक दात्यासाठी लाव. प्रत्येक.

पाऊलवाट
लावते, ताई. टिकण्याबद्दलचा परिच्छेद मसुद्यात होता, तो आजच काढला.