कोरियन कला म्हणजे नुसतं दुःख? जरा थांबा

तिरकस_वाचक:
काल एका महाभागाने लांबलचक पोस्ट टाकली. सारांश: कोरियावर सतत आक्रमणं झाली, म्हणून लोक पांढरे कपडे घालायचे, म्हणून भांडी पांढरी, आणि या शोकातूनच त्यांचं सौंदर्यशास्त्र जन्मलं. खाली बदामांचा पाऊस.

अहो, हे यानागी मुनेयोशी या जपानी माणसाचं मत, 1920 च्या सुमाराचं. माणूस वाईट नव्हता. 1922 मध्ये जपानी सत्ता सोलचा ग्वांगह्वामुन दरवाजा पाडायला निघाली तेव्हा त्याने जाहीर विरोध केला, 1924 मध्ये ग्योंगबोकगुंग राजवाड्यात लोककलांचं संग्रहालय काढलं. पण राज्यकर्त्यांच्या घरचा माणूस म्हणणार 'तुमचं दुःख किती सुंदर', आणि शंभर वर्षांनी आपण ते तत्त्वज्ञान म्हणून फॉरवर्ड करणार? देवळांच्या वळचणीखालचं दानचोंग, म्हणजे लाकडावरची रंगीत नक्षी, बघा, हिरवा-तांबडा-निळा नुसता उसळतोय. मिन्ह्वा या लोकचित्रांतला वाघ बघा, डोळे तिरळे आणि वर झाडावरून मॅगपाय पक्षी त्याला काहीतरी सुनावतोय. हाह्वे गावच्या नाचातले मुखवटे उमरावांची टर उडवतात. यात रडं कुठंय?

सावनी_आर:
शोक नाही हे पटलं. पण पांढरा रंग कन्फ्यूशियसवाद्यांचा आहे. जोसन घराण्याच्या दरबारात डामडौल म्हणजे हलकी अभिरुची.

हिशेबी:
आधी पैशाचं बोला. भांड्यांवरचा निळा रंग कोबाल्टचा, तो चीनमार्गे यायचा, महाग. 1592 ला जपानी घुसले, 1627 आणि 1636 ला मांचू. कोबाल्ट आटला, दरबारी रांजणांवरचे ड्रॅगनसुद्धा लोहाच्या तपकिरी रंगात काढायची वेळ आली. परवडेना म्हणून पांढरं. बाकी सगळा नंतरचा मुलामा.

सावनी_आर:
तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटलं. निळा नव्हता तेव्हा तपकिरी वापरला, कोरं नाही सोडलं. आणि मूनजार, म्हणजे ते चंद्रासारखे गोल पांढरे रांजण, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या मध्यापर्यंतचे, तोवर कोबाल्ट परत आला होता. तरी ते कोरेच.

हिशेबी:
बरं बाई, जिंकलात. तारखा पाठ आहेत तुमच्या.

चाकावरची:
मी भांडी घडवते, म्हणून बोलते. मूनजार एका दमात ओढता येत नाही. 40 सेंमीच्या पुढचा गोल, त्यात पोर्सेलिनची माती, मध्येच बसते. म्हणून दोन मोठी वाडगी वेगळी काढायची, कडेला कड लावून सांधायची. भट्टीत सांधा किंचित खचतो आणि पोट एका बाजूला झुकतं. याला 'निसर्गाशी एकरूपता' म्हणणाऱ्यांनी एकदा कोपरापर्यंत हात माखून घ्यावेत. वर आमच्या प्रदर्शनांत लोक ओला कप अंगठ्याने दाबून वाकडा करतात आणि 'कोरियन शैली' म्हणून दोन हजाराला विकतात!

हिशेबी:
दोन? आमच्या घरी अडीचचा आलाय. गळतो.

चाकावरची:
गळतो म्हणजे नीट भाजलेला नाही. सरळ कप केला तर चूक लगेच दिसते, म्हणून वाकडे करतात. मी वर्षानुवर्षं सरळ काठासाठी घासतेय आणि गिऱ्हाईक विचारतं, 'हे मशीनचं आहे का?'

तिरकस_वाचक:
धागा कपांचा नाही.

चाकावरची:
तुमचा नसेल. माझं पोट त्यावर आहे.

गुरुनाथ_क:
ताई, रागावू नका, पण सगळं अपघातावर ढकलू नका. को युसोप (1905–1944), केसोंगच्या संग्रहालयाचे प्रमुख, यांनी कारागिरी न मिरवणाऱ्या कारागिरीबद्दल लिहिलंय. तिथले सुतार घ्या. पायाचा दगड ओबडधोबड तसाच ठेवायचा आणि खांबाचा तळ त्याच्या उंचवट्याखोलगटाप्रमाणे कोरून बसवायचा. दगड सपाट करून घेणं त्याहून सोपं. सोसानच्या गेसिमसा मंदिरात खांबही वाकडेच उभे केलेत.

चाकावरची:
सुताराने निवड केली. कुंभारापुढे निवड होती कुठे?

गुरुनाथ_क:
होती. हे रांजण जिथे भाजले त्या ग्वांगजूच्या भट्ट्या राजाच्या मुदपाकखान्याच्या खात्याच्या. झुकलेला रांजण नापसंत असता तर फोडून दुसरा करायला लावला असता. तो ठेवला, वापरला. वाकडा कुणी केला नाही, पण वाकडा चालेल हे कुणीतरी ठरवलंच ना?

चाकावरची:
हं. या धाग्यात पहिल्यांदा कुणी कामाचं बोललं. पण मग अंगठ्याने दाबणारे आणखीच खोटे ठरले, तेही लिहा.

सावनी_आर:
आणि यानागीही. त्याने पांढरा रंग पाहिला, सांधा पाहिलाच नाही.

तिरकस_वाचक:
हे अन्याय्य आहे. भांडी हातात घेऊन बघण्यात त्याचा हात धरणारे कमीच. निष्कर्ष चुकला म्हणून नजर चुकली असं नाही.

सावनी_आर:
वा! सुरुवातीला तुम्हीच त्याला झोडपलंत, आता वकीलपत्र?

हिशेबी:
चालू द्या तुमचं. ताई, कपाचं सांगा, घरी मी ऐकून घेतोय.

चाकावरची:
पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर फोटो काढा आणि पैसे परत मागा. 'शैली' म्हणाले तर माझ्याकडे पाठवा.