कादंबरीतलं पत्रकार जोडपं तीन मृत्यूंचा धागा कसा शोधेल?

कोयनाकाठ:
पहिलीच कादंबरी लिहितोय, कटकारस्थानाची. नवरा-बायको दोघंही बातमीदार, पण वेगवेगळ्या पेपरांत. सातारा जिल्ह्यात तीन तालुक्यांत तीन म्हातारे शेतकरी मरतात. एक विहिरीत पडून, एक मोटारीचा शॉक लागून, एक कीटकनाशक पोटात जाऊन. त्याआधी तिघांनीही जमिनी विकलेल्या. सध्या एक हॅकर मित्र सगळं शोधून देतो, पण ते मलाच पटत नाही. खऱ्या बातमीदाराला धागा कुठे सापडेल? आणि घरात दोघं एकमेकांना किती सांगतील?

अनिकेत_प:
गोळीबार आणा की. कन्नड विचारवंत कलबुर्गी (2015) आणि पत्रकार गौरी लंकेश (2017) यांच्या खुनांत एकच 7.65 मिमी पिस्तूल वापरल्याचं फॉरेन्सिक तपासातूनच पुढे आलं होतं.

शाईचे_डाग:
गोळी कशाला? विहीर जास्त सोयीची. गोळी लागली की गुन्हा दाखल होतो. विहिरीत पडलेल्याची नुसती 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद, आम्हा बातमीदारांच्या भाषेत 'ए.डी.'. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (नागरिक सुरक्षा संहिता) 194. तीन ठाणी, तीन अंमलदार, तिन्ही ए.डी. एका टेबलावर कधी येतच नाहीत. पेपरात आतल्या पानावर चार ओळी, 'वृद्धाचा विहिरीत पडून मृत्यू'. त्या चार ओळी रोज बसवणारी तुमची नायिका असेल, तर तिन्ही नावं फक्त तिच्याच हाताखालून गेलेली असतील.

हॅकरला हाकला आणि तिला दुय्यम निबंधकाकडे पाठवा. खरेदीखत तिथल्या 'पुस्तक 1' या नोंदवहीत नोंदतात आणि नोंदणी कायद्याच्या कलम 57 नुसार फी भरून कुणालाही त्याची नक्कल मिळते. माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. बहुतेक जण सूची 2, म्हणजे व्यवहाराचा गोषवारा, बघून थांबतात. त्यात घेणारे तिन्हीकडे वेगळे दिसतील, कट करणारा इतका बावळट नसतो. नकलेची शेवटची पानं उलटा. लिहून देणाऱ्याला ओळखणाऱ्या इसमांचे फोटो, सह्या, अंगठे तिथे असतात. कराडचा माणूस खटावच्या म्हाताऱ्याला 'व्यक्तिशः ओळखतो' आणि पाटणच्याही? मग तोच गडी एखाद्या मरणोत्तर पंचनाम्यावर पंच म्हणून निघतो का बघा. पंच आसपासच्या वस्तीतले हवेत असं कायदा म्हणतो.

घरातलं विचाराल तर आमचे हे दुसऱ्या पेपरात होते. दिवसभर त्याच कोर्टात, त्याच ठाण्यात. संध्याकाळी चहा घेताना दोघंही 'आज काही विशेष नाही' म्हणायचो आणि सकाळी आधी एकमेकांचा पेपर उघडायचो. यांचा फोन वाजला की हे गॅलरीत जायचे, मी भांडी घासायची थांबायचे. 'हो साहेब' म्हणजे पोलीस, 'बोल भाऊ' म्हणजे पक्षाचा कार्यकर्ता, आणि नुसतं 'हं, हं' म्हणजे उद्या माझी बातमी हुकणार. हुकली की आमचे संपादक विचारणार, 'एका घरात राहून कळलं नाही?' त्यामुळे तुमच्या जोडप्याने पहिल्या प्रकरणापासून कागद मांडून एकत्र बसू नये. अर्धी कादंबरी तरी एकमेकांपासून लपवू द्या.

काळा_कोट:
ताई, मस्त! कायद्यातली एक गंमत घालतो. बातमी कुणी दिली हे सांगायला कोर्ट पत्रकाराला भाग पाडू शकतं. प्रेस कौन्सिल कायद्याच्या 15(2) चं संरक्षण कौन्सिलपुढच्या कामापुरतंच. पण लग्न टिकून असताना नवऱ्याने बायकोला जे सांगितलं, ते उघड करायला तिला भाग पाडता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं 122, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या साक्ष अधिनियमाचं 128. पुढे घटस्फोट झाला तरी ते बोलणं झाकलेलंच. म्हणजे नवऱ्याचा खबऱ्या कोण, हे नवऱ्याला विचारता येईल, बायकोला नाही. पण एकाने दुसऱ्यावरच गुन्हा केला, तर त्या खटल्यात हे कवच गळून पडतं.

कोयनाकाठ:
नवऱ्याला कटात घालायचा विचार नव्हता, आता येतोय! हॅकर उडवला. ताई, एक शंका. नक्कल मागितल्याचं बाहेर फुटतं का?

शाईचे_डाग:
न फुटायला काय झालं? अर्जावर नाव-पत्ता असतो आणि बाहेरच्या टपरीवरचे एजंट सगळ्यांना ओळखतात. संध्याकाळच्या आत घेणाऱ्याला फोन. तिने नवऱ्याच्या नावावर अर्ज टाकला तर धमकी त्याला येईल, आणि कशाची ते त्याला कळणारही नाही. भांडणाचं प्रकरण आयतं मिळेल.