मदत हवी आहे: वनस्पती पेशीलाही पटल (पातळ आवरण) असतं हे दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी, भाची आठवीला आहे आणि वनस्पती पेशी-प्राणी पेशी फरकाचा प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. तक्ता झालाय, भित्तिका (बाहेरची कडक भिंत), हरितलवकं (अन्न बनवणारे हिरवे कण), मोठी रिक्तिका (पेशीतली पाण्याची पिशवी) एकीकडे, सेंट्रिओल (पेशी विभागताना लागणारा भाग) दुसरीकडे, त्याचं काही नाही. पण तक्ता बघून तिच्या डोक्यात बसलंय की वनस्पतीला भित्तिका आणि प्राण्याला पटल, तसंच हरितलवकं असली की तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) लागत नाहीत. मी म्हटलं अगं पटल दोघांना असतं, वनस्पतीला भित्तिका वरून जादाची, तर म्हणते मावशी मग दाखव ना. घरी साधा मायक्रोस्कोप आहे, कांद्याचा पापुद्रा आयोडीन टाकून बघितला, केंद्रक झकास दिसलं पण कडेला एकच रेघ, आणि हिरवं काहीच नाही, त्यावरही प्रश्न आलाच. पोरगी नुसतं पाठ करत नाही याचं मला फार कौतुक आहे, त्यामुळे पुस्तकात आहे म्हणून असं सांगून गप्प बसवायचं नाहीये. घरच्या घरी काही करता येईल का?

प्रतिसाद 1: ताई, नक्की येईल. पटल जेमतेम 7-10 नॅनोमीटर जाड, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपला ते वेगळं दिसत नाही, शिवाय पेशीत पाणी भरलेलं असल्याने ते भित्तिकेला चिकटून बसतं. त्याला भित्तिकेपासून सोडवायचं. लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची बाजू जांभळी असते ना, तिथला पातळ पापुद्रा घ्या, आतला पांढरा नको. आयोडीन अजिबात नको, पेशी जिवंत हव्यात. आधी साध्या पाण्यात बघा, मग अर्धी वाटी पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्याचा थेंब काचेच्या कडेला सोडा आणि समोरून टिपकागदाने पाणी ओढून घ्या. थोड्या वेळात जांभळा भाग आक्रसून आत जातो आणि भित्तिकेची चौकट जागच्या जागी राहते. जांभळा रंग रिक्तिकेतला, आक्रसलेल्या भागाची कड म्हणजे पटल. लगेच साधं पाणी दिलं तर बरेचदा परत फुगतं, ते तिला बघू द्याच.

प्रतिसाद 2: हिरवं न दिसण्याचं कारण, कांदा जमिनीत वाढतो, उजेड नाही तर त्या पेशींना हरितलवकं कशाला. मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला आणा, पान इतकं पातळ असतं की कापावंही लागत नाही, अख्खं ठेवा, हिरवे ठिपके फिरतानासुद्धा दिसतात. तंतुकणिकांसाठी तिलाच विचारा की मुळं अंधारात ऊर्जा कुठून काढतात आणि पान रात्री काय करतं? साखर बनवली हरितलवकांनी, पण तिच्यातून ऊर्जा काढायला तंतुकणिकाच लागतात.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार! कांदा आत्ताच सोलायला घेतलाय. गालाच्या आतल्या पेशी मिथिलिन ब्लू (निळा रंग) लावून बघणार आहोत, त्यांना मिठाचं पाणी दिलं तर असंच काही दिसेल का?

प्रतिसाद 1: नाही, तिथे मागे राहायला चौकटच नाही, आणि गालावरून खरवडून येतात त्या बहुतेक पेशी मेलेल्याच असतात. त्यांचा वेडावाकडा, दुमडलेला आकार कांद्याशेजारी काढून दाखवा, भित्तिका नसणं म्हणजे काय ते त्यातच दिसतं.