आयआयएमचा कॉल आलाय, इंटरव्ह्यूत नेमकं काय बघतात?

जालना_मेकॅनिकल:
मंडळी, कॅटमधून, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेतून, एका नवीन आयआयएमचा इंटरव्ह्यू कॉल आलाय. मी जालन्याचा, सध्या वाळूजला एका वेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. कोचिंगवाले ऑनलाइन मॉक (सरावाचे) इंटरव्ह्यू घ्यायलेत पण दरवेळी तेच, स्माइल ठेव, कॉन्फिडन्स दाखव, स्ट्रेंथ-वीकनेस पाठ कर. पॅनेलवाले खरंच हे बघतात का? इंग्रजीची लई धास्ती वाटायली. आणि मध्ये एमपीएससीच्या नादात गॅप पण आहे.

गोदाकाठ:
पाठ केलेलं पहिल्या मिनिटात कळतं भौ, त्यांचा जन्म गेलाय पोरांना प्रश्न विचारण्यात. समोर दोन-तीन जण असतात, बहुतेक प्रोफेसर. तू फॉर्ममध्ये जे लिहिलंस तिथनंच धागा धरतात आणि कुठं अडकतोस ते बघत खाली खाली जातात. समज, रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, कमी केलं असं लिहिलंस, तर किती होतं, मोजलं कसं, ऑपरेटरनी ऐकलं नाही तेव्हा काय केलंस, कंपनीचा पैसा किती वाचला. तिथं टीममध्ये केलं म्हणून सुटता येत नाही, तुझा हात कुठं लागला ते विचारतात.

आणि जालन्याचा म्हणल्यावर स्टील येणारच! जवळ ना लोखंडाची खाण ना समुद्र, मग सळई जालन्यातच काऊन? स्क्रॅप, ते वितळवणारी विजेवरची इंडक्शन भट्टी, बिलेट (सळईआधीचा स्टीलचा ठोकळा), त्याची सळई करणारी रोलिंग मिल, विजेचं बिल, मराठवाडा-विदर्भाची वीजदर सवलत, हे सगळं नीट समजून जा. एखाद्या मिलमध्ये ओळख असंल तर जाऊन बघूनच ये. नुसतं 'जालना सोने का पालना' सांगून भागत नाही.

अंबाजोगाईकर_ताई:
इंग्रजीचं काही नाही असं सगळे सांगतात, मला नाही पटत. व्याकरण चुकलं तर कोणी काही म्हणत नाही, पण शब्द शोधता शोधता मुद्दाच राहून गेला तर नुकसान तुझंच ना. रोज आपल्याच कामाबद्दल मोठ्यानं इंग्रजीत बोल, रेकॉर्ड करून ऐक. गॅपचं सरळ सांग, एमपीएससी केली, जमली नाही, नोकरी धरली. त्याला देशसेवेचा मुलामा दिलास की ते सोडणार नाहीत. पण तेव्हा वाचलेली राज्यघटना आणि अर्थशास्त्र काढून बस, त्यावर विचारतील.

शॉपफ्लोअर:
व्हाय एमबीए वर ग्रोथ, लीडरशिप हे शब्दच काढू नको. तुला लाइनवर असं काय दिसलं जे इंजिनिअरिंगनं सुटत नाही, ते सांग. माहीत नसलं तर माहीत नाही म्हण, फेकू नको. मात्र अंदाज विचारला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात दिवसाला किती पेट्रोल खपतं वगैरे, तर तिथं आकडा नको असतो त्यांना, गाड्या किती धरल्या, का धरल्या ते बोलत बोलत करायचं.

जालना_मेकॅनिकल:
ताई, गॅपचं मी उलटंच तयार केलं होतं, बदलतो. शॉपफ्लोअर भाऊ, आमच्याकडं स्टोअर आणि प्रॉडक्शन एकमेकाला खरा स्टॉक सांगतच नाहीत, हे चालंल का?

शॉपफ्लोअर:
पळंल! फक्त कंपनीची बदनामी होऊ देऊ नको, आणि तू त्यात काय करून बघितलंस हे आधीच ठरवून ठेव, पुढचा प्रश्न तोच आहे.