मासे एकामागून एक मरत आहेत, प्रवाळ आणि कोळंबी मात्र ठणठणीत. कारण काय असावे?

खारेपाणी (प्रश्न)
माझ्या सुमारे 300 लिटरच्या प्रवाळ टाकीत (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात) मागच्या आठवड्यात सोडलेला नवा टँग मासा परवा मेला आणि त्यानंतर दोन्ही क्लाउनफिश गेले. उरलेला रॉयल ग्रामा मासा पंपाच्या झोतासमोर तोंड करून उभा आहे, त्याचे कल्ले भराभर हलत आहेत आणि कालपासून त्याने खाण्याला तोंड लावलेले नाही. अमोनिया व नायट्राईट शून्य, तापमान 26 अंश, विशिष्ट गुरुत्व 1.025 आहे. पाण्यात काही विष उतरले असेल का? टाकीतच तांब्याचे औषध टाकले तर चालेल का?

निळीखाडी
तांब्याचे औषध कृपया टाकीत टाकू नका. कोण मेले यापेक्षा कोण जगले, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. पाण्यात तांबे किंवा एखादे कीटकनाशक उतरले असते, तर सर्वप्रथम कोळंबी आणि गोगलगायी गेल्या असत्या. प्राणवायू कमी पडल्यास बहुधा मोठे मासे आधी दगावतात, तेही पहाटे, कारण रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते पण श्वसन चालूच राहते. मात्र पाण्याचा पृष्ठभाग चांगला ढवळल्यावर अशा माशांना लवकरच आराम पडतो. पंप रात्रभर सुरू असतील, तर माझा संशय मरीन वेल्वेटवर, म्हणजे अमिलूडिनियम या परजीवीवर आहे. दिवे बंद करून टॉर्चचा प्रकाश माशावर बाजूने तिरका पाडा आणि अंगावर पिठूळ, सोनेरी-राखाडी धूळ दिसते का ते पाहा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगातले ठिपके मिठाच्या कणाएवढे असतात; ही धूळ त्याहून बरीच बारीक असते आणि समोरून पाहिल्यास नजरेतून सुटते. हा परजीवी बहुतेक वेळा आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे अंगावर एकही डाग उमटण्यापूर्वी मासा गुदमरून मरू शकतो.

भरतीओहोटी
वरील निदान पटते, तरी एक शंका मांडतो. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढुरका चिकट स्राव सोलल्यासारखा निघत होता का? तसे असेल तर तो ब्रुकलिनेला हा दुसरा परजीवी असू शकतो आणि त्यावर तांब्याचा उपयोग होत नाही.

खारेपाणी
स्राव मुळीच नव्हता. टॉर्चच्या प्रकाशात ग्रामाच्या पाठीवर बारीक धूळ स्पष्ट दिसली. आता पुढे काय करावे?

निळीखाडी
मग आजच ग्रामाला वेगळ्या टाकीत हलवा, कारण वेल्वेटमध्ये काही तासांचा उशीरही भारी पडतो. हलवताना तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात सुमारे पाच मिनिटे ठेवल्यास काही परजीवी गळतात आणि श्वासाला थोडा आराम मिळतो. मासा कोलमडू लागला तर लगेच बाहेर काढा. त्यानंतर वेगळ्या टाकीत तांब्याचे औषध द्या, पण मात्रा अंदाजाने न ठरवता त्या औषधाला चालणाऱ्या चाचणी संचाने दररोज मोजा. तांबे परजीवीच्या केवळ मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेला मारते, म्हणून मासा सुधारला तरी उपचार मध्येच थांबवू नयेत. मुख्य टाकीत किमान सहा आठवडे एकही मासा नको, म्हणजे यजमानाअभावी परजीवीचे चक्र तुटते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही असण्याची शक्यता गृहीत धरून अनेकजण 76 दिवस थांबतात आणि मीही तोच सल्ला देईन. प्रवाळ, कोळंबी तेथेच राहू द्या. जाळी, बादली, नळ्या मात्र दोन्ही टाक्यांना स्वतंत्र ठेवा.

भरतीओहोटी
एक भर घालतो. वेगळ्या टाकीत जैविक गाळणी (अमोनिया फोडणारे जिवाणू) मुरलेली नसल्याने अमोनिया झपाट्याने चढतो, तेव्हा तोही रोज तपासा आणि गरजेनुसार पाणी बदला. बदललेल्या पाण्यात तांब्याची मात्रा पुन्हा भरून घ्या. अमोनिया निष्प्रभ करणारी रसायने तांब्यासोबत वापरू नका, कारण त्यांच्यामुळे तांबे माशासाठी अधिक घातक होऊ शकते.