मोबाईल ठेवून घेतला की प्रश्न मिटला?

कर्वेरोडकर:
परवा इथे एकांनी लिहिलं, "मुलाच्या हातात गाडीची किल्ली देताना मोबाईल ठेवून घ्या, प्रश्न मिटला." खाली सगळ्यांचं "अगदी बरोबर". मला ते अजिबात पटलेलं नाही.

अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना गाडी चालवताना येणारे बरेचसे फोन घरचेच असतात. क्लास सुटला की आईचा, "निघालास का?" मग बाबांचा, "कुठवर आलास?" मग परत आईचा, "येताना दही आण." उचलला नाही की घरी बोलणी. मग पोरगं हेल्मेटच्या कडेतून मोबाईल कानाशी खुपसतं आणि मान वाकडी करून तसंच गाडी हाणतं. ताशी 40 चा वेग म्हणजे सेकंदाला 11 मीटर. फोन कुणाचा हे बघण्यात दोन सेकंद गेले की 22 मीटर गाडी आंधळी गेली.

आमच्याकडे मुलगी "निघाले" असा मेसेज टाकते, मोबाईल सायलेंट करून डिकीत ठेवते आणि थेट "पोचले" टाकते. मधल्या वेळात घरातून कुणीही फोन करायचा नाही. आजीला हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

घाटमाथा:
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. आईबापांना झोडपणं सोपं आहे. माझा भाचा सिग्नलला रील बघत उभा होता. मागच्याने हॉर्न वाजवला, तशी वर न बघता गाडी सोडली, ती थेट रिक्षावर. गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हा त्याला आईचा फोन आला नव्हता! डिकीतला मोबाईल सिग्नलला काढायला किती वेळ लागतो? घरी असलेला काढता येत नाही.

एफवायवाला:
काका, मोबाईल घरी ठेवला तर नवीन भागात रस्ता कसा शोधायचा? 2020 पासून नियमातच रस्ता बघण्यापुरती मुभा आहे, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. मी निघण्याआधीच मॅप लावतो, आवाज एका कानात. आणि मोबाईलपेक्षा मागे बसलेला मित्र जास्त त्रास देतो. खांद्यावरून हात पुढे घालून "हे बघ, हे बघ" करत स्क्रीन नाकासमोर धरतो. ट्रिपल सीट असेल तर विचारूच नका. त्यावर कुणी बोलत नाही.

घाटमाथा:
कानात इअरफोन घालून मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतो का रे?

सांगलीची:
तुम्ही सगळे अठराच्या पुढच्यांचं बोलताय. आमच्याकडे दहावीची पोरं बिनधास्त गाड्या फिरवतात. आधी त्या काढून घ्या, मग लक्षाचं बोला.

दोन_पोरांचा_बाप:
ताई, कायद्यात सोळाव्या वर्षी परवानगी आहे. उगाच बोलू नका.

सांगलीची:
50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला आहे. तुमच्या दारातली किती सीसीची आहे? शंभराच्या वरचीच असणार. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत 199अ कलम आलंय, जरा वाचा. अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

दोन_पोरांचा_बाप:
मग रात्री नऊला क्लास सुटल्यावर पोरीला आणायचं कुणी? माझी सेकंड शिफ्ट असते. शेवटची बस क्लास सुटायच्या आधीच जाते. रिक्षावाला मागेल ते भाडं. फी भरताना क्लासवाले गोड बोलतात, वेळ बदला म्हटलं की हात वर. कलमं पाठ करून पोरगी घरी येत नाही.

कर्वेरोडकर:
बसचं दुखणं खरं आहे. पण म्हणून बिनलायसनची गाडी?

दोन_पोरांचा_बाप:
इलेक्ट्रिक घेतलीय. 25 च्या वर पळत नाही, मोटर 250 वॅटची. लायसन लागतच नाही.

सांगलीची:
म्हणजे परीक्षा नाही, सिग्नलचे नियम विचारणारं कुणी नाही आणि पंधरा वर्षांची मुलगी रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये! आमच्या गल्लीत एका दुकानदाराने असल्याच गाडीची वेगमर्यादा काढून दिली होती. धोका टळला कुठे? कायद्याच्या कक्षेबाहेर गेला, एवढंच.

दोन_पोरांचा_बाप:
माझ्या पोरीवर जायचं काम नाही. मी तिला महिनाभर मागे बसून शिकवलंय. कडेला थांबल्याशिवाय ती मोबाईलला हात लावत नाही.

कर्वेरोडकर:
आणि तुम्ही शिफ्टवरून तिला फोन करता का?

दोन_पोरांचा_बाप:
करतो. बापाचा जीव आहे, राहवत नाही. ठीक आहे, ती "पोचले" टाकेपर्यंत थांबेन. पण क्लासवाल्यांना जाब कोण विचारणार ते सांगा.

घाटमाथा:
मेसेजचं एक वेळ मान्य. पण भाच्याचा मोबाईल घरीच राहणार. आणि बसच्या वेळेसाठी अर्ज लिहिणार असाल तर माझी सही घ्या.